आधी एक वाईट फोटो

स्क्रीनवर फोटो उमटला आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला तो. बाळाचा एक डोळा लालभडक आणि दुसऱ्या डोळ्याची बाहुली पांढरी, दुधाचा थेंब ठेवल्यासारखी, आणि माझ्या आत कुणीतरी टुणकन उडी मारून ओरडलं, सापडला! इतकी वर्षं आपण ज्याच्यासाठी लोकांचं हसू ऐकून घेतलं तो एकदाचा सापडला. आणि लगेच मी टेबलाची कड धरली. अगं बाई, कसला आनंद होतोय तुला? हे कुणाचं तरी बाळ आहे. हनुवटीवर लाळ, डोक्यावर चारच केस, ते पण पाणी लावून बसवलेले. ओळखपत्रासाठी फोटो हवा म्हणून आणलंय त्याला. अशा फोटोत बाळाच्या मागे नुसतं पांढरं लागतं आणि एवढ्या बाळाला धड बसता येत नाही, म्हणून आम्ही आईला स्टुलावर बसवतो, तिच्यावर पांढरी चादर टाकतो आणि चादरीवरून बाळ तिच्या मांडीत. त्यामुळे या घटकेला स्टुडिओत एक बोलणारी चादर होती. "झालं का हो?" चादर म्हणाली, "मला गुदमरायला होतंय." कॅमेऱ्यामागून माझा नवरा भुंकत होता. मोठ्या माणसांशी दिवसाकाठी जेमतेम दोन वाक्यं बोलणारा हा माणूस, पण लहान मूल समोर आलं की भुंकेल, म्याव करेल, बेडूक होईल. त्याच्या जागेवरून त्याला स्क्रीन दिसत नाही, फक्त माझी पाठ दिसते. माझ्या पाठीत त्यानं काय वाचलं कोण जाणे, पण त्याचं भुंकणं मध्येच थांबलं.

आमच्या दुकानाबाहेर पाटी आहे, पाच वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाचा आधी एक वाईट फोटो. ती वाचून लोक हसतात, हसोत बापडे. वाईट म्हणजे ठरवून वाईट. मोठ्या छत्र्यांचे दिवे बंद करायचे, खोलीत अंधार करायचा, जरा दम धरायचा म्हणजे बाहुल्या मोठ्या होतात, आणि मग कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश थेट तोंडावर मारायचा. फोटोवाल्याच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. चेहरा थापल्यासारखा चपटा येतो, नाक चकाकतं, आणि डोळे लाल येतात. आम्हाला ते लालच हवं असतं. लाल आलं म्हणजे उजेड डोळ्यात शिरला, आतल्या पडद्याला शिवला आणि परत आला, वाटेत काही आडवं आलं नाही. तो फोटो आम्ही तसाच, न सुधारता आईबापांच्या हातात देतो. "दोन्ही लाल आहेत, झकास आहे, ठेवून द्या," असं मी म्हणते आणि ते माझ्याकडे वेडी आहे का अशा नजरेनं बघतात. रस्त्यापलीकडच्या फोटोवाल्यानं तर आमची पाटी लागल्यावर आठवड्याभरात स्वतःची पाटी लावली, इथे चांगले फोटो मिळतील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. नवरा मात्र ती पाटी वाचून आला आणि म्हणाला, "अक्षर छान काढलंय." असा हा माणूस.

"अरे, अजून एक घे," मी म्हणाले. आवाज साधा ठेवला. "जरा उजवीकडून." कारण डोळा नाकाकडे वळलेला असेल तर आतली नस चमकते आणि काही नसताना पांढरं दिसतं, हे मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून शिकवलंय. शिकवायची वेळ का आली, तर मागे एका मुलीच्या फोटोत असंच पांढरं बघून मी तिच्या आईबापांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं, आणि निघालं काहीच नाही. तिचा बाप दुकानात येऊन जे काही बोलला, ते शेजारच्या सलूनवाल्यानं दाढी अर्धवट सोडून ऐकलं. तेव्हापासून आम्ही तीन बाजूंनी फोटो घेतो. उजवीकडून घेतला. पांढरा. डावीकडून घेतला, बाळानं ऐन वेळी जांभई दिली, डोळे मिटले. नवरा बेडूक झाला. बाळ हसलं, बघितलं, फ्लॅश उडाला. पांढरा. मी स्क्रीनकडे बघत राहिले आणि मला त्या परक्या बाळाचा चेहरा दिसेनासा झाला. तिथे माझी पोर दिसायला लागली, ती याच वयाची, याच स्टुलावर, पिवळ्या झबल्यात, आणि तिच्या मांडीखालच्या चादरीत मी. किती फोटो काढले होते तिचे! फोटोवाल्याची पोर, काढणारच. दात आला काढ फोटो, उभी राहिली काढ फोटो. आणि माझा नवरा म्हणजे डोळे सुधारण्यात या भागातला एक नंबर. लग्नाच्या फोटोत कुणाचा डोळा मिटला असेल तर तो उघडून देणार, कुणाचा लाल आला असेल तर काळाभोर करून देणार, दुसऱ्या स्टुडिओतून लोक डोळे करून घ्यायला याच्याकडे यायचे. पोरीच्या फोटोत एका डोळ्यात पांढरा डाग यायचा. हा म्हणायचा, आपल्या फ्लॅशचं काहीतरी बिघडलंय. मग चांगला डोळा उचलायचा, उलटा करायचा, डागावर ठेवायचा, कडा पुसायच्या. इतक्या प्रेमानं करायचा की मी मागे उभी राहून बघत राहायची. असा घोटाळा दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसता. दुसऱ्या घरात फोटो बिघडला असता, आणि बिघडलेला फोटो कधीतरी कुणाच्या तरी डोळ्यात आला असता. आमच्याकडे भिंतभर सुंदर फोटो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं होतं, घरी काढलेल्या फोटोत कधी डोळा पांढरा दिसला होता का? मी म्हणाले, नाही हो, कधीच नाही. आणि हा, जो दुकानदाराला सुटे द्या म्हणायलाही लाजतो, तो म्हणाला, "प्रत्येक फोटोत." बस्स, दोन शब्द. त्या खोलीतला पंखा, टेबलावरचा प्लॅस्टिकचा मोठा डोळा ज्याचे तुकडे सुटे होत होते, पोरीनं त्यातला एक तुकडा उचलून तोंडात घातला होता ते, सगळं मला आत्ता लख्ख दिसतं, पण पुढे डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आठवत नाही. गाठ डोळाभर वाढली होती. डोळा काढला म्हणून पोर राहिली. मग औषधं, सलाइन, उलट्या, गेलेले केस, आणि त्या सगळ्यात पोरीचा दरारा असा की नर्स सुई आणायची आणि ही हात पुढे करून फर्मान सोडायची, "हळू! आधी सांगायचं!" तिथल्याच वॉर्डबॉयनं तिचं नाव फौजदार ठेवलं आणि ते तिला चिकटलं. घरी आल्यावर पहिल्या दिवशी नवऱ्यानं भिंतीवरचे सगळे फोटो उतरवले. मला वाटलं फाडतो की काय. फाडले नाहीत. मूळ फोटो शोधून काढले, न सुधारलेले, आणि तेच मोठे करून लावले. एकीकडे लाल, एकीकडे पांढरा, ओळीनं. ती भिंत आजही तशीच आहे, गिऱ्हाइकाच्या पाठीमागे येते म्हणून फार कुणाचं लक्ष जात नाही. लोकांनी आम्हाला सांगून पाहिलं, असं काय लावता, विसरून जा आता. कॅन्सर हा शब्द तर कुणी उच्चारतच नाही, "ते" म्हणतात, "तिला ते झालं होतं ना?" मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते, हो, कॅन्सर झाला होता, डोळ्याचा, लहान मुलांनाच होतो तो, लवकर कळला तर मूल ठणठणीत बरं होतं. शाळांच्या पालकसभांत बोलावतात तिथे जाऊन हेच म्हणते. बायका आपापली मुलं जवळ ओढतात, जणू माझ्या बोलण्यातून लागण होणार आहे. ओढा की. जवळ ओढलंत तर निदान डोळ्यात बघाल.

पण आता समोरासमोर बोलायचं होतं. सभेत बोलणं वेगळं. "या हो बाहेर," मी चादरीला म्हणाले आणि चादरीतून ती निघाली, विस्कटलेली, घामेजलेली, हसरी, पोरसवदा. तिच्याबरोबर तिच्या सासूबाई आल्या होत्या. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी अजून त्यांना कुणी दिलेली दिसत नव्हती. आल्या आल्या त्यांनी माझ्या नवऱ्याला ताठ उभं राहायला सांगितलं होतं आणि तो राहिला होता. मी मनात त्यांचं नाव हेडबाई ठेवून टाकलं होतं. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "घाबरू नका," असं मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच कळलं की हे वाक्य ऐकून आजवर कुणी घाबरायचं राहिलेलं नाही. "या डोळ्यात पांढरं दिसतंय. तिन्ही फोटोंत. बहुतेक वेळा काही साधंच असतं. पण डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. आजच."

"फ्लॅश खराब आहे तुमचा," हेडबाई म्हणाल्या.

"फ्लॅश चांगला आहे बाई."

"मग तुम्हाला काम येत नाही. दुसरा डोळा लाल काय, हा पांढरा काय! शाळेत चाळीस वर्षं मुलांचे फोटो काढून घेतलेत मी. असला फोटो कुणी हातात ठेवला नाही."

"अहो, सगळे सुधारून देतात म्हणून—"

"आणि काय हो, काय असतं ते? या पांढऱ्याचं काय असतं?" हे सुनेनं विचारलं. हळू विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. आता गोलगोल बोलायचं की सरळ? हिच्या जागी मी असते तर मला काय हवं होतं? मला कुणीतरी दरडावून सांगायला हवं होतं. "मोतीबिंदू असू शकतो. काहीच नसू शकतं. आणि कॅन्सर असू शकतो," मी म्हणाले. झालं. हेडबाई उभ्याच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते, तो राग नसतो, भीती असते, पण बाहेर येताना रागाचे कपडे घालून येते. "शुभ बोलायला काय झालं तुम्हाला? तान्ह्या लेकराला बघून असलं तोंडातून निघतं तरी कसं? चल गं. दुसरीकडे काढू फोटो. समोर आहे तिथे चांगले मिळतील म्हणून लिहिलंय." सून माझ्याकडे बघत होती, सासूकडे बघत होती, बाळ मात्र नवऱ्याकडे बघून बेडकाची वाट बघत होतं. आणि मला सगळं पुढचं दिसलं, रस्ता ओलांडून त्या जाणार, पलीकडचा फोटोवाला मऊ दिव्यात सुंदर फोटो काढणार, चुकून कुठे काही चमकलंच तर त्याचं मशीन आपोआप पुसून टाकणार, बाळ गोड दिसणार, घरी भिंतीवर लागणार, आणि आत गाठ रोज जरा जरा वाढत राहणार. एवढी वर्षं वाट बघून एक सापडतो आणि तो माझ्या तोंडच्या फटकळपणामुळे दारातून निघून जातो! मी हात जोडले. मी, जिला तिच्या सासरी भांडकुदळ म्हणतात, मी चक्क हात जोडले आणि म्हणाले, "बाई, मला शिव्या द्या, पण दाखवा." हेडबाई दाराकडे वळल्या.

दारात आमची फौजदार उभी होती. शाळेतून आलेली, दप्तर एका खांद्यावर, एक मोजा खाली. किती ऐकलं होतं कोण जाणे. तिनं दार अडवलं असं म्हणता येणार नाही, ती नुसती उभी राहिली, पण तिच्या उभं राहण्यानं दार अडतं. "आजी," ती हेडबाईंना म्हणाली, "जायच्या आधी एक खेळ खेळता?"

"बाजूला हो बाळा."

"एकच मिनिट. माझा एक डोळा खोटा आहे. कुठला ते ओळखा. ओळखलात तर जा." हा खेळ ती सगळ्यांशी खेळते, नव्या शिक्षकांशी, बसच्या कंडक्टरशी, पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्यांशी, आणि मी शंभरदा दटावलंय की परक्या माणसांना असं अवघडवू नये. आज दटावलं नाही. हेडबाई थबकल्या. परीक्षा म्हटल्यावर ती बाई मागे कशी हटेल? त्यांनी पर्समधून चष्मा काढला, घातला, पोरीची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि बघायला लागल्या. पोर मुरलेली आहे. खोटा डोळा खऱ्याइतका फिरत नाही, म्हणून ती नजर फिरवतच नाही, मान फिरवते. हेडबाई बघत होत्या आणि मी बघत होते, आणि मला तो डोळा बनवणाऱ्याची खोली आठवली. खिडकीजवळ टेबल, खणांत ओळीनं डोळे, घारे, काळे, तपकिरी, आणि आमची पोर त्याच्या समोरच्या उंच खुर्चीवर पाय हलवत बसलेली. तो माणूस बारीक ब्रशनं तबकडीवर रंग चढवत होता आणि माझा नवरा, जो त्या सबंध वर्षात कुणाशी धड बोलला नव्हता, तो त्याच्याशी भांडायला लागला. तपकिरी नाही, म्हणाला, तपकिरीच्या आत मधाळ रंगाचं एक कडं आहे, आणि खालच्या बाजूला, बरोबर घड्याळात पाच वाजतात तिथे, एक काळा ठिपका. दुसरा डोळा बघा की तिचा. तो माणूस म्हणाला, ठिपका कोण बघतंय साहेब? हा म्हणाला, मी बघतोय. शेवटी कंटाळून त्या माणसानं ब्रश याच्या हातात दिला. पोरीच्या डोळ्यात डोळा घालून यानं ते कडं काढलं, तो ठिपका दिला, पांढऱ्या भागात शिरांसाठी रेशमाचे लालसर तंतू बसवायला त्याच्याकडून शिकून घेतलं. हात थरथरत नव्हता. पूर्ण झाल्यावर त्या माणसानं तो डोळा उजेडात धरला आणि म्हणाला, माझ्याकडे नोकरी करता का?

"हा," हेडबाई म्हणाल्या आणि ठामपणे बोट दाखवलं. "हा खोटा. सरळ कळतंय. निर्जीव आहे."

त्यांनी खऱ्या डोळ्याकडे बोट दाखवलं होतं. फौजदारनं तो डोळा मिचकावला, मग त्याच्यावर तळहात ठेवला, आणि म्हणाली, "आता मला काहीच दिसत नाहीये आजी. तुमच्या हातात पर्स आहे की पिशवी, ते पण सांगता येणार नाही." हेडबाईंचं बोट तसंच हवेत राहिलं होतं. पोरीनं हात काढला. तिच्या आवाजात फुशारकी नव्हती, आपल्याला वर्गातला धडा येतो आणि शेजारच्याला येत नाही तेव्हा मुलं बोलतात तशी ती बोलली. "बघून कळत नाही ना? तुम्ही चष्मा लावून बघितलंत तरी नाही कळलं. म्हणून डॉक्टर बघतात, औषध घालून, आतून. माझ्या वेळी कुणी वाईट फोटो काढला नाही, म्हणून उशीर झाला. नाहीतर तो पण असता." असं ती म्हणाली आणि मी पटकन नवऱ्याकडे बघितलं. तो छत्रीच्या दिव्याची वायर गुंडाळत होता, गुंडाळलेली सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता.

मग सून बोलली. बाळाला छातीशी धरून, सासूकडे न बघता. "टीव्हीच्या उजेडात चमकतो तो. मी घरी म्हणाले होते. मांजरासारखा चमकतो म्हणून सगळे हसले." हेडबाई मटकन खुर्चीवर बसल्या. एवढी मोठी बाई एकदम लहान दिसायला लागली. त्यांनी चष्मा काढला, पदरानं नाही, बाळाच्याच दुपट्यानं पुसला, परत घातला, आणि पहिल्यांदाच मान वळवून आमची भिंत बघितली. एकेक फोटो बघितला, डावीकडून उजवीकडे, वही तपासावी तसा. पिवळं झबलं, पहिला दात, उभी राहिलेली. शेवटच्या फोटोपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "कुठे आहे ते हॉस्पिटल?" नवरा म्हणाला, "मी सोडतो." आणि वायर तिथेच टाकून गाडीची किल्ली घेऊन निघालासुद्धा. जाताना हेडबाई फौजदारजवळ थांबल्या, तिला काहीतरी सांगायचं असेल, पण सवय ती सवय. म्हणाल्या, "मोजा वर ओढ." पोरीनं ओढला.

नंतरचे आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी परत येऊन नवऱ्यानं नुसती मान हलवली होती, आणि त्याच्या मान हलवण्याचे अर्थ मला कळतात. कॅन्सरच होता. पण गाठ फार मोठी नव्हती, डोळ्याच्या बाहेर गेलेली नव्हती. बाळ वाचणार, हे डॉक्टरीणबाईंनी छातीठोक सांगितलं. डोळ्याचं मात्र त्या काही सांगेनात, औषध देऊ, लेझर देऊ, बघू म्हणाल्या. आणि माझ्या मनानं त्या "बघू"वर घर केलं. मी लोकांचे फोटो कापत होते, चिकटवत होते, डोकं सरळ ठेवा म्हणत होते आणि आतून सारखी त्या वॉर्डात फिरत होते, जिथल्या फरशीचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कधी वाटायचं, राहू दे रे देवा तो डोळा, एकदा तरी दाखव की असं करून काही उपयोग असतो. कधी दुसरंच काहीतरी यायचं मनात, इतकं वाईट की मी हातातली कात्री खाली ठेवायची. त्यांचा राहिला तर? माझ्या पोरीचा गेला आणि त्यांचा राहिला, तर मला बघवेल का? आणि पोरीला मी कुठल्या तोंडानं सांगणार? तिला नाहीतरी आरशात रोज दिसतंच, पण आजवर तिला असं वाटायचं की हा आजार झाला की डोळा जातोच, पाऊस पडला की ओलं होतं तसं. आता तिला कळणार की जायलाच हवा असं नव्हतं. ती तसं तोंडानं म्हणाली होती खरी, नाहीतर तो पण असता, पण म्हणणं वेगळं आणि समोर एक दोन्ही डोळ्यांचं गुटगुटीत बाळ खेळताना बघणं वेगळं. मी ठरवून टाकलं, बातमी चांगली आली तर पोरीला लगेच सांगायची नाही. सावकाश, वेळ बघून, गोड बोलून सांगू. मी ठरवते आणि या घरात ते घडतं, असं कधी झालंय?

फोन आला तेव्हा दुकानात उन्हं आली होती, मी एका आजोबांची हनुवटी सरळ करत होते, आणि फोन फौजदारनं उचलला. "हो, मीच," ती म्हणाली. "हो, ओढलाय." मी समजले पलीकडे कोण आहे ते. मी आजोबांना तसंच वाकड्या मानेनं सोडलं आणि पुढे झाले, फोन दे म्हणून हात केला, पण तिनं मला थांबवायला पंजा दाखवला, थेट तिच्या बापासारखा. ती ऐकत होती. पलीकडचा आवाज मला नुसता आवाज म्हणून ऐकू येत होता, शब्द नाहीत, आणि तो आवाज शाळेच्या हॉलमध्ये भाषण करतात तसा सुरू झाला होता आणि मध्येच कुठेतरी फुटला. पोरीचा चेहरा मी बघत होते. खरा डोळा बघत होते. "काढावा लागणार नाही?" ती म्हणाली. "नक्की? दिसतं पण त्याला?" माझ्या काळजात कुणीतरी पिळा घातला, हो, तेच, ज्याची भीती होती तेच आलं, जळजळीत, तोंड कडू करणारं, माझ्या पोरीचा का नाही, आमच्याच वेळी का नाही, आणि मी ते थोपवलं नाही, येऊ दिलं, भरभरून आलं, आणि त्याच्याच मागोमाग, त्याला बाजूला सारत, काहीतरी एवढं मोठं उसळलं की मला उभं राहवेना. डोळा राहिला. एक डोळा राहिला या जगात, जो आमच्याशिवाय गेला असता. आजोबा मला पाणी हवं का विचारत होते. नवरा अंधाऱ्या खोलीच्या दारात येऊन उभा होता, हातात बाळांना दाखवायचं रबराचं बदक.

पोरीनं फोन ठेवला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला मी पटकन जवळ घेणार होते, बसवणार होते, ते सगळं सावकाश, गोड, ठरवलेलं बोलणार होते. ती माझ्या हाताखालून निसटली आणि रस्त्यावर गेली. "राहिला!" असा आवाज आला. असा की पलीकडची कबुतरं उडाली. "राहिला! डोळा राहिला!" मी दारात पोचले तोवर सलूनवाला वस्तरा हातात घेऊन बाहेर आला होता, त्याच्यामागे अर्ध्या तोंडाला साबण लावलेला माणूस, चावीवाल्यानं आपलं मशीन बंद केलं होतं, आणि समोरचा फोटोवाला, तो चांगले फोटोवाला, पायरीवर येऊन उभा होता. त्यांना काय कळलं असणार? काही नाही. पण पोर दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध नाचत होती, तिची वेणी सुटली होती, एक सायकलवाला थांबून घंटी वाजवायला लागला होता, आणि आनंद दिसला की माणसं टाळ्या वाजवतातच. सगळ्यात आधी सलूनवाल्यानं वाजवल्या. मग साबणवाल्यानं. समोरच्या फोटोवाल्यानंसुद्धा. माझ्या शेजारी नवरा उभा होता, रडत होता आणि बदक दाबत होता, ते पीं पीं करत होतं, त्याला ते कळतही नव्हतं. आणि मी, मी तर मोठमोठ्यानं हसत होते, भर रस्त्यात, खुळ्यासारखी.

"अगं पण कुणाचा?" चावीवाला ओरडून विचारत होता. "कुणाचा डोळा राहिला?"

फौजदार गर्रकन वळली.

"आमचा!"